एका खान्यात एकच अपेक्षा

टायपिंगमास्तरांना एखादी गोष्ट येत नाही, असं त्यांच्या तोंडून आजवर कुणीही ऐकलेलं नव्हतं. एकदा सगळं घर तलावावर पोहायला गेलं होतं. जावयाने सहज विचारलं, "बाबा, पोहता येतं ना?" मास्तर म्हणाले, "म्हणजे काय." आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोन तास नुसते हात मारत राहिले. पुढे नाही की मागे नाही. बाकीचे लोक त्यांना वळसा घालून पोहत होते. घरी येताना म्हणाले, "आज पाणी जरा जड होतं." जावई बिचारा गरीब स्वभावाचा, त्याने मान डोलावली.

असा हा माणूस. मनाने वाईट नाही हो, अजिबात नाही. पण "मला येत नाही" एवढे तीन शब्द त्यांच्या घशाखाली उतरायचे नाहीत आणि घशातून वरही यायचे नाहीत. स्वयंपाकघरातला नळ त्यांनी स्वतः दुरुस्त केला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या लोकांनी आपापले पलंग भिंतीपासून लांब सरकवले होते. रस्ता विचारणाऱ्याला ते कधी रिकाम्या हाताने पाठवत नसत. त्यांनी दाखवलेल्या रस्त्याने गेलेली काही माणसं अजून पोचली असतील की नाही, देव जाणे.

मास्तरांनी सव्वीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. घराच्या पुढच्या खोलीत आठ यंत्रं, आठ स्टुलं आणि भिंतीवर बोटांचा तक्ता. पुढे टायपिंग शिकायला कुणी येईनासं झालं तेव्हा मास्तर खचले होते, पण त्यांची बायको मुळीच खचली नाही. तिला सगळे बाईच म्हणत, कारण क्लासातली मुलं म्हणत. बाईंनी एक दिवस बोटं मोजत सांगितलं, "अहो, या खोलीत सात लग्नं जुळली आहेत. शेजारच्या स्टुलांवरची. टायपिंग किती जणांना आलं ते मला माहीत नाही. आपण लग्नंच जुळवू." झालं. आठ यंत्रं गेली, पाटी बदलली आणि पुढच्या खोलीत लग्न जुळवण्याचं ऑफिस सुरू झालं.

क्लासाच्या दिवसांतच मास्तरांनी एक जुना कंप्युटर आणून ठेवला होता, तो आता कामाला लागला. त्यात नोंदी ठेवायचा प्रोग्राम होता, व्हर्जन तीन. नाव, वय, काम, फोन आणि शेवटी एक खाना, अपेक्षा. त्या खान्यात वीस अक्षरं मावत. एकविसावं अक्षर मारलं की कंप्युटर शिंकल्यासारखा आवाज काढायचा. लोक कुरकुर करत. "मास्तर, मला हसरी हवी, शिकलेली हवी आणि…" मास्तर हात वर करून थांबवत. म्हणत, "वीस अक्षरांत बसते ती अपेक्षा. बसत नाही ती तक्रार." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की बाई आतल्या खोलीतून त्यांच्याबरोबर म्हणत.

मग लेकीने आईला लॅपटॉप दिला. बाईंनी गुपचूप वाचनालयात जाऊन दोन महिने कंप्युटरचा वर्ग केला, वहीत आकृत्या काढल्या, आणि एक दिवस सगळी फाईल नव्या प्रोग्राममध्ये नेऊन ठेवली. व्हर्जन नऊ. त्यात माणसाचा फोटो नोंदीतच राहायचा. आणि अपेक्षांच्या खान्यावर टिचकी मारली की लांबलचक यादी उघडायची, पुढे चौकोन. हव्या तितक्या खुणा करा. यादीत नसेल ते स्वतः लिहा. लोक अर्धा अर्धा तास बसून खुणा करायचे, तृप्त होऊन जायचे. नव्या फाईलवर तीन महिन्यांत चार लग्नं जुळली. चारही बाईंनी जुळवली. मास्तरांनी अभिनंदन केलं, पण ते करताना चेहरा असा, की जणू कुणी पायावर पाय दिलाय.

ठिणगी पडली सोमवारी सकाळी. एक आई आपल्या मुलाला घेऊन आली होती. बाई लॅपटॉपवर त्याच्या खुणा करून देत होत्या. मास्तर पेपराआड होते. आई कौतुकाने म्हणाली, "बाई, किती भराभर करता हो." तेव्हा पेपराआडून आवाज आला, "खुणा करायला काय लागतं? लग्नं जुळवायला अक्कल लागते."

आई हसली, मुलगा हसला. बाईसुद्धा हसल्या. त्यांनी त्या दोघांना चहा दिला, दारापर्यंत पोचवलं, दार लावलं, आणि मग आत जाऊन पिशवी भरली. लॅपटॉप काखेत घेतला. टेबलावर एक पेनड्राइव्ह ठेवला.

"फाईल यात आहे," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा. त्यानेच मास्तर घाबरले, पण पेपर खाली केला नाही. "एकशे सव्वीस नोंदी आहेत. रविवारी वधूवर मेळावा आहे. उघडा तुमच्या तिसऱ्या व्हर्जनमध्ये आणि घ्या मेळावा. जमलं तर कळवा. नाही जमलं तरी कळवा. मी लेकीकडे आहे."

"संध्याकाळपर्यंत उघडून दाखवतो," पेपर म्हणाला.

लेक राहायची चार थांबे पलीकडे. म्हणजे लांब काहीच नाही. पण बाई गेल्यावर घर एकदम मोठं झालं. मास्तरांना त्याच दुपारी कळून चुकलं, की त्यांना बाई परत हव्यात. मेळावा वगैरे ठीक आहे, पण हव्यात त्या बाई. आणि त्यांना परत आणायचे दोनच रस्ते होते. एक म्हणजे फाईल उघडून ताठ मानेने फोन करायचा. दुसरा म्हणजे फोन करून "जमलं नाही" म्हणायचं. दुसऱ्या रस्त्याकडे मास्तरांनी पाहिलंसुद्धा नाही.

पेनड्राइव्ह लावला, फाईलवर टिचकी मारली. जुना कंप्युटर घरघरला आणि पडद्यावर पाटी आली, ही फाईल या प्रोग्रामपेक्षा नवी आहे, उघडता येत नाही.

"उघडता येत नाही म्हणजे काय," मास्तर त्याला म्हणाले. "प्रयत्न तर कर."

त्यांनी फाईलच्या नावातली शेवटची अक्षरं बदलून जुन्या फाईलींसारखी केली. म्हणजे माणूस तोच, टोपी वेगळी. कंप्युटर फसला नाही, उलट म्हणाला, ही फाईल खराब आहे. मग मास्तरांना मंगळवारी दुपारी दाढी करताना एक कल्पना सुचली आणि अर्धी दाढी तशीच ठेवून ते बाहेर आले. त्यांनी कंप्युटरमधली तारीख चौदा वर्षं मागे नेली. विचार असा, की नवं व्हर्जन अजून निघालेलंच नाही अशी कंप्युटरची समजूत झाली, तर तो फाईलला नवी म्हणणार कशाच्या जोरावर?

कंप्युटरची समजूत खरंच झाली. फाईल काही उघडली नाही, पण चौदा वर्षांपूर्वी लावून ठेवलेल्या आठवणी धडाधड वर येऊ लागल्या. उद्या परीक्षा आहे. यंत्रांना तेल घालणे. बाईंना दाताच्या डॉक्टरकडे नेणे, साडेचार. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं तर साडेचारच वाजले होते, आणि न्यायला घरात कुणी नव्हतं. ते अर्ध्या दाढीनिशी तसेच बसून राहिले. मग तारीख जागेवर आणली, दाढी पुरी केली आणि पेनड्राइव्ह खिशात टाकून बाहेर पडले.

कंप्युटर दुरुस्तीचं दुकान कोपऱ्यावरच होतं. दुकानदाराला सगळे 'आधी-कॉपी' म्हणत, कारण कसलंही काम दिलं तरी तो पहिला शब्द तोच बोलायचा. त्याच्याकडे दोन छत्र्या होत्या, दोन चष्मे होते, दुकानाला दोन कुलपं आणि त्यांच्या चार किल्ल्या होत्या. बायको एकच होती, पण तिचा फोटो दोन भिंतींवर होता. वयाने मास्तरांच्या बरोबरीचा, अत्यंत सावकाश बोलणारा माणूस. ऐकणाऱ्याला मध्येच उठून पाणी पिऊन यावंसं वाटे.

"एका मित्राची फाईल आहे," मास्तर म्हणाले. "त्याला जमत नाहीये."

"आधी कॉपी," तो म्हणाला. त्याने कॉपी केली, ती त्याच्या नव्या प्रोग्राममध्ये उघडली, आणि 'जुन्या व्हर्जनमध्ये साठवा' यावर टिचकी मारली. पाटी आली. त्याने ती दोनदा वाचली, एकेका चष्म्याने एकेकदा.

"मित्राला सांगा," तो म्हणाला, "नव्यात दोन गोष्टी अशा आहेत, की जुन्याला त्या कळत नाहीत. एक, नोंदीत ठेवलेले फोटो. ते बाहेर काढून वेगळे ठेवता येतील, त्याचं काही नाही. दुसरी, अपेक्षा. नव्यात एका खान्यात पुष्कळ गोष्टी राहतात. जुन्यात एका खान्यात एकच. हा म्हणतो, आधी प्रत्येकाची एकेक करा, मग नेतो."

"मग करा की एकेक. पहिली ठेवा, बाकीच्या उडवा."

आधी-कॉपीने आणखी एक कॉपी केली आणि तसं केलं. फाईल गुपचूप जुन्या व्हर्जनमध्ये गेली. मास्तरांची छाती दोन इंच फुगली. ते पडद्यावरची यादी मधूनच कुठूनतरी उभ्याउभ्या वाचायला लागले. शिक्षिका, वय एकोणतीस, अपेक्षा, रोज आंघोळ करणारा. बसचालक, वय तेहतीस, अपेक्षा, रोज आंघोळ करणारी. दातांची डॉक्टर, रोज आंघोळ करणारा. फुलवाला, रोज आंघोळ करणारी.

बाईंच्या यादीत रोजची आंघोळ सगळ्यात वर होती आणि बहुतेकांनी ती खूण केलेली होती. एकशे सव्वीसातल्या एकशे चार माणसांना जगात दुसरं काही नको होतं.

"अहो, हे लग्नाचं ऑफिस आहे की पाणीखातं?" मास्तर म्हणाले.

"कुठली ठेवायची ते यंत्र कसं सांगणार?" आधी-कॉपी म्हणाला. "ज्याची अपेक्षा त्यालाच विचारायला हवं." मग चष्मा बदलून, "मित्राला सांगा."

आता दुसऱ्या कुणी असल्या वेळी हात टेकले असते. मास्तरांनी घरी जाऊन कागदावर टाइप केल्यासारखं निवेदन लिहिलं, समासासकट. 'आमच्या कार्यालयातील तांत्रिक कारणामुळे आपली केवळ एकच अपेक्षा ठेवता येत आहे. कृपया कोणती ठेवावी ते सांगावे.' आणि बुधवारी सकाळी नऊ वाजता घरातला फोन मांडीवर घेऊन बसले. मोबाइल त्यांच्याकडे नव्हता, मोबाइलला वायर नसते म्हणून त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. दुकानातून छापून आणलेल्या यादीचा कागद अरुंद होता, त्यामुळे नाव, वय, काम सगळं कापलं जाऊन नुसते क्रमांक आणि फोन उरले होते. मास्तरांचं काही अडलं नाही. पहिला नंबर लावला. एंगेज. त्यांनी पुढे 'ए' लिहिला आणि दुसरा लावला.

दातांची डॉक्टर म्हणाली, "एकच? मग दात." मास्तरांनी विचारलं, "दात कसे?" ती म्हणाली, "असावेत." ग्रंथपाल म्हणाला, मला दोन दिवसांची मुदत द्या, मी याद्या करून बघतो. एका मुलीच्या मावशीने फोन घेतला आणि नऊ अपेक्षा सांगितल्या. मास्तर म्हणाले, "एकच, मावशी." तर म्हणाल्या, "या नऊ मिळून एकच आहे." फुलवाल्याने विचारलं, "एकच सांगितली तर ती नक्की मिळणार का?" या प्रश्नाला निवेदनात उत्तर नव्हतं. मास्तर म्हणाले, "प्रयत्न राहील." शिक्षिकेने उंच नवरा सांगितला, पाच मिनिटांनी उलट फोन करून उंच खोडा, प्रामाणिक लिहा म्हणाली, आणि त्यानंतर पुन्हा फोन करून विचारलं, "प्रामाणिक माणूस साधारण किती उंच असतो?"

मध्येमध्ये मास्तर पहिला नंबर लावून बघत. एंगेज. दुपारी एंगेज. गुरुवारी सकाळी एंगेज. "किती बोलते ही बाई," मास्तर वैतागून म्हणाले. बाईच असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

गुरुवारी अकराच्या सुमाराला बसचालकाला फोन लागला. तो जेवणाच्या सुट्टीत होता. निवेदन त्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "मास्तर, आल्यावर 'आलास का' म्हणणारी."

"आं?"

"दिवसभर माणसं चढतात, उतरतात. माझ्याशी कुणी बोलत नाही, तसा नियमच आहे. घरी आलं की कुणीतरी 'आलास का' म्हणावं. बाकीच्या सगळ्या खोडा. ती आंघोळसुद्धा खोडा."

मास्तरांनी ते लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्यांनी पुढचा नंबर लावला नाही. सोमवारपासून ते तीनदा दुकानात जाऊन आले होते, एकदा बिस्किटं आणायला गेले होते, आणि प्रत्येक वेळी दार उघडून आत येताना त्यांच्या तोंडून "आलो गं" निघून गेलं होतं. त्यांना रडू आलं. खरंच आलं. पण आजूबाजूला कुणी नसल्यामुळे त्यांना ते लपवायचीही सोय नव्हती, म्हणून ते चहा करायला उठले. साखर सापडली नाही. सदतीस वर्षांच्या संसारात साखरेचा डबा कुठे असतो हे त्यांनी विचारलेलं नव्हतं, आणि आता विचारायला कुणी नव्हतं. बिस्किट बुडवून बिनसाखरेचा चहा प्यायले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, काय चाललंय?"

"कामात आहे. आई काय करते?"

"लॅपटॉपवर आहे. मेळाव्याचे बिल्ले करतेय." लेक म्हणाली. "बाबा, तिला देऊ का फोन?"

मास्तरांच्या जिभेवर 'दे' आला होता. "नको," ते म्हणाले. "फाईल उघडली की मीच करेन."

"अहो बाबा, फाईल तिच्याकडे उघडीच आहे."

"ती नवी," मास्तर म्हणाले. "मी जुन्यातलं बोलतोय." आणि फोन ठेवून स्वतःलाच दोन शिव्या दिल्या.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकशे पंचवीस माणसांची एकेक अपेक्षा कागदावर आली. ग्रंथपालाने शेवटी 'शांत' सांगितलं आणि मुदतवाढ मागितली, ती नाकारण्यात आली. शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आत मास्तर पायरीवर बसलेले. आधी-कॉपीने एकामागून एक दोन कुलपं उघडली आणि मास्तरांना आपल्या खुर्चीत बसवलं. नव्या प्रोग्राममध्ये मास्तर प्रथमच हात घालत होते. नोंद उघडायची, यादी उघडायची, नको त्या खुणा काढायच्या, हवी ती ठेवायची. तिसऱ्या नोंदीला त्यांना ते जमलं, दहाव्या नोंदीला आवडलं, आणि आपल्याला आवडलंय हे लक्षात आल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. साडेअकराला शेवटची खूण निघाली.

"न्या जुन्यात," मास्तर म्हणाले.

आधी-कॉपीने कॉपी केली. टिचकी मारली. हिरवी पट्टी सरकत सरकत जवळजवळ शेवटाला गेली आणि थांबली. पाटी आली, एका नोंदीत एकाहून अधिक अपेक्षा आहेत. नोंद क्रमांक एक.

"ती एंगेजवाली," मास्तर म्हणाले. "तीन दिवस लावतोय. ठेवतच नाही फोन."

"आता मोकळी असेल," म्हणत आधी-कॉपीने आपल्या मोबाइलवरून तो नंबर लावला. घंटी वाजत राहिली. "वाजतोय. पण घरी कुणी नाही."

"बघा. तीन दिवस बडबड आणि आज गायब. काय माणसं असतात."

"फोटो असेल बघा नोंदीत," आधी-कॉपी म्हणाला आणि क्रमांक एकची नोंद उघडून त्याने फोटो मोठा केला.

फोटोत मास्तर होते. खुर्चीत झोपलेले, पेपर छातीवर, तोंड उघडं. फोनच्या खान्यात मास्तरांच्याच घरचा नंबर होता. घरचा फोन मांडीवर घेऊन ते तीन दिवस घरचाच नंबर फिरवत होते. आता स्वतःचा नंबर माणूस कधी लावतो का हो? तो पाठ असायचं कारणच काय?

आधी-कॉपीने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. मग त्याला एकदम आठवलं की दुकानासमोर पाणी शिंपडायचं राहिलंय. तो बाहेर गेला. जाताना मात्र म्हणाला, "मित्राला म्हणावं, सावकाश वाचा."

नोंद तीन महिन्यांपूर्वीची होती, नवी फाईल सुरू केली त्या दिवसाची. नाव, नमुना नोंद. वय सत्तावन्न. काम, मास्तरांची बायको. खुणांचा खाना चालतो की नाही ते बघायला बाईंनी पहिली नोंद स्वतःची केली होती, फोटो मात्र समोर झोपलेल्या माणसाचा टाकला होता. यादीतली एकही खूण केलेली नव्हती, सगळं स्वतः लिहिलं होतं, आणि अशा अपेक्षा अकरा होत्या. मास्तर वाचायला लागले. फिरायला जाताना बरोबर चालावं, दहा पावलं पुढे नाही. माझं बोलणं संपायच्या आत 'बरं' म्हणू नये. सर्दी झाली की मृत्युपत्राची भाषा करू नये. माझ्या बहिणीला तिच्या नावाने हाक मारावी, 'ती दुसरी' म्हणू नये. पेपराआडून बोलू नये. चार लोकांत माझी अक्कल काढू नये.

तिथे मास्तर थांबले. तारीख पुन्हा पाहिली. तीन महिन्यांपूर्वीची. म्हणजे सोमवारचं ते काही पहिलं नव्हतं. आधीही कितीदा झालं असणार, आणि त्यांना एकही वेळ आठवत नव्हती. त्याची त्यांना इतकी लाज वाटली, की कान गरम झाले.

आता फक्त दहा ओळी काढायच्या होत्या. एक ठेवायची, टिचकी मारायची, फाईल जुन्यात, ताठ मान, फोन. एकशे पंचवीस माणसांना त्यांनी हे एका मिनिटात करायला लावलं होतं. मास्तरांनी बाण पहिल्या ओळीवर नेला. काढवेना. दुसरीवर नेला, तीही काढवेना. अकरातल्या कुठल्याही एका गोष्टीवर बोट ठेवून 'याची हिला गरज नाही' असं म्हणायला त्यांची छाती होईना. पाणी शिंपडून झालं होतं, तरी आधी-कॉपी बाहेरच उभा होता, आणि कोरड्या राहिलेल्या जागा शोधत होता.

मास्तरांनी दुकानातला फोन उचलला आणि लेकीच्या घरी लावला. बाईंनीच घेतला. मास्तरांच्या तोंडातून पाठ झालेलं तेच बाहेर पडलं.

"आमच्या कार्यालयातील तांत्रिक कारणामुळे आपली केवळ एकच अपेक्षा ठेवता येत आहे. कृपया कोणती ठेवावी ते…"

"तुम्ही वाचलीत," बाई म्हणाल्या.

"वाचली."

"सगळी?"

"सहा वाचल्या. पुढे डोळ्यांपुढे अक्षरं हलायला लागली." मास्तरांनी घसा साफ केला. "एक ठेव म्हणतो कंप्युटर. कुठली ठेवू?"

"अकराच्या अकरा हव्यात मला," बाई म्हणाल्या.

"मग जुन्यात बसणार नाहीत."

"माहीत आहे मला."

पलीकडे लेकीच्या घरी कुकरची शिटी झाली. मास्तरांनी बाहेर पाहिलं, आत पाहिलं, छताकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

"अगं," ते म्हणाले, "मला नाही येत हे. सोमवारपासून येत नाहीये. तारीख मागे नेली, नाव बदललं, एकशे पंचवीस लोकांना छळलं. नवं काय ते मला शिकवशील का? आणि साखर कुठे असते गं?"

पलीकडून बाईंनी नाक ओढल्यासारखा आवाज आला. हसत होत्या की रडत होत्या, मास्तरांना कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

"समोर आहे ना नोंद?" बाई म्हणाल्या. "सातवी वाचा."

मास्तरांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, "एखादी गोष्ट येत नसेल तर मला विचारावी."

"ती काढा," बाई म्हणाल्या. "दहा राहिल्या. दुपारच्या बसने येते मी."